चीक

बावीस वर्षांपूर्वी इद्वालच्या छातीत कळ आली,
तेव्हापासून लोणी मी वरच्या फळीवर ठेवत आले,
पिठाच्या डब्यामागे.
मेंढ्या हाकून आला की तो चोरून बोटभर खायचा,
मला कळत नाही असं समजून.
झाकणावर त्याच्या अंगठ्याचा चिखल असायचा.

आता दर मंगळवारी मेरेरिड येते, आहारतज्ज्ञ,
बँगोरहून. आमच्या चढाला तिची गाडी दमते.
म्हणते, लोणी घाला, नेस्ता. साय घाला, चीज किसून घाला,
बटाट्यात, सूपमध्ये, लापशीत. हात आखडू नका.
स्नायू झडताहेत. शरीर स्वतःलाच खायला निघालंय,
त्याला दुसरं काहीतरी द्या.
मी लोणी खालच्या फळीवर आणलं.
आता त्याचा हात तिथवरही पोचत नाही.

वजन पंधरवड्याला.
उभं राहवत नाही, म्हणून इओलोने
मेंढ्यांचा काटा धुऊन आणला,
खुर्चीसकट बाप वर, मग खुर्ची वजा.
बाजारात काढलात की काय मला, असं काहीतरी इद्वाल म्हणाला.
जीभ जड. आम्हाला उलगडायला वेळ लागला,
सगळे मिळून उशिरा हसलो.

सगळ्यात आधी दगा दिला पाण्याने.
भाकरीने नाही, मटणानेही नाही.
पाणी पातळ, घाईचं, आडवाटेने फुफ्फुसात उतरणारं,
आणि आम्ही तर ओढ्याच्या काठचे.
म्हणून चमचाभर पावडर, ढवळायचं, थांबायचं,
चहा मधासारखा होईस्तोवर.
हनुवटी खाली. एक घोट. परत गिळ.
बोलू नकोस.
रेडिओ बंद.
एका वाटीला पाऊण तास,
ठसका लागला की कुत्रा उठून दाराशी जातो.

इस्पितळात नळीचं विचारलं.
पोटाला लहानसं भोक, म्हणाले,
श्वास बरा आहे तोवरच करून घ्या.
तो भिंतीकडे बघत राहिला. तीन आठवडे भिंतीकडे.
मी काही बोलले नाही.
एकदा बोलले. ते इथे लिहीत नाही.

मग मार्च. रात्रीचे दोन, एका मेंढीला तिळं.
तिसऱ्याला चोखायची ताकद नाही.
इओलोने ते टॉवेलात गुंडाळून चुलीपाशी आणलं,
नळी काढली,
आणि त्याचे हात कापायला लागले. हे काम कायम बापाचं.

इद्वालने डोळ्यांनी अक्षरफळी मागितली.
मी धरली. तो एकेक अक्षर बघत गेला.
आधी माप.
नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत, ते इओलोला ठाऊक होतं.
ढकलू नको. गिळू दे.
चीक कोमट? उंच धर.
उतरेल.

उतरला.
दाट, पिवळा चीक, आपल्याच वजनाने.
पोट गोल झालं. उजाडता उजाडता त्या पोराने
माझ्या एप्रनचा बंद चोखायला घेतला.

इद्वाल बघत होता. आधी कोकराकडे, मग माझ्याकडे.
मग फळीवर: मला पण.

आता दिवसातून पाच वेळा.
पाठ ताठ, मागे दोन उशा.
आधी पाणी, मग ते दूध, मग परत पाणी,
त्यानंतर तासभर आडवं व्हायचं नाही.
मी सिरिंज उंच धरते, ढकलत नाही.
जरा घाई केली की डोळ्यांनी दटावतो;
चाळीस मार्च काढलेत त्याने, मी शिकाऊ.
काटा एप्रिलपासून खाली गेलेला नाही.
वरही नाही. चालेल.

रविवारी, मेरेरिडला विचारून,
त्याच्या ओठांना खारट लोणी लावते.
गिळायला नाही. नुसतं लागायला.
मग पाठ फिरवून भांडी घासते जरा वेळ,
चोरून खाल्ल्यासारखं वाटावं त्याला.